सांडशीला कॉर्निशमध्ये काय म्हणतात

रेवतीला करायचं होतं ते एवढंच: घरातल्या त्र्याऐंशी चिठ्ठ्यांवरची शाई पुसट झाली होती, ती पुन्हा गिरवायची. एका शनिवारचं काम. तिचा नवरा पियूष म्हणाला, "दोन तास." पियूष सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे त्याच्या दोन तासांचे प्रत्यक्षात किती होतात हे त्यांच्या ड्रोहेडातल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. या वेळी अडीच महिने लागले, आणि त्यात पियूषचा काडीचा दोष नव्हता.

चिठ्ठ्या बाबांच्या होत्या. रेवतीचे वडील, नरेंद्र, एसटीच्या भांडारात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. भांडारातल्या माणसाला चिठ्ठीशिवायची वस्तू बघवत नाही. आई गेल्यावर ते तीन उन्हाळे आयर्लंडला लेकीकडे आले, दर वेळी व्हिसाचे नव्वद दिवस मोजून, आणि त्या मुदतीत त्यांनी तिच्या घराची रीतसर नोंद केली. पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा, त्याला पंचिंगचं भोक, भोकातून सुतळी. वर अनुक्रमांक, खाली शब्द. दाराला दाराचा शब्द, खिडकीला खिडकीचा, किटलीला किटलीचा.

शब्द कॉर्निश होते. इथे वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडणार, तशी ती रेवतीच्याही पडली होती. ड्रोहेडा आयर्लंडमध्ये, माणूस पुण्याचा, मग कॉर्निश कुठून आलं? तर ते शेजारून आलं. शेजारचे डेन्झिल मूळचे कॉर्नवॉलचे, म्हणजे इंग्लंडचं जे टोक समुद्रात घुसलंय तिथले. जहाजावरचे इंजिनियर. बायको ड्रोहेडाची म्हणून इथे स्थिरावले, ती गेली, आणि हे परसातल्या टोमॅटोंबरोबर उरले. कॉर्नवॉलची जुनी भाषा दोनेकशे वर्षांपूर्वी जवळजवळ बोलायची थांबली होती, ती पुढच्या लोकांनी कागदपत्रांतून पुन्हा उभी केली. डेन्झिल तरुणपणी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती शिकले होते. ड्रोहेडात ती बोलायला कुत्रंही नव्हतं. कुत्र्याला 'की' म्हणतात, चिठ्ठी क्रमांक नऊ.

दोघांची गाठ परसाच्या बुटक्या भिंतीवर पडली. बाबांचं इंग्रजी कार्यालयीन. पहिल्या दिवशी ते डेन्झिलना म्हणाले होते, "आपल्या टोमॅटोंबाबत अधिक माहिती मिळावी ही विनंती." डेन्झिलना ते फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून, पाऊस नसेल तेव्हा, रोज अकरा वाजता बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, हातात घरातली एक वस्तू घेऊन भिंतीपाशी हजर. "डेन्झिलराव, ह्याला काय म्हणतात?" डेन्झिलराव सांगणार, बाबा लिहून घेणार. तेही देवनागरीत. रोमन लिपीवर त्यांचा विश्वास नव्हता. तिच्यात लिहितात एक आणि वाचतात भलतंच, असं त्यांचं मत होतं. दार: दारस. खिडकी: फेनेस्टर. ब्रेड: बारा, आणि कंसात, 'आकडा नव्हे'.

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर बाबा पुण्याला परतले आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी झोपेतच गेले. रेवती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती रडली नाही असं नाही, पण ती पुस्तकं वाचणारी आणि मोजकं बोलणारी बाई होती. परत आल्यावर तिनं चारचौघांत विषय काढला नाही. फक्त घरातली एकही चिठ्ठी कुणाला काढू दिली नाही. पियूष फ्रिज उघडताना चिठ्ठी अलगद बाजूला करायचा. तेवढं कळणारा नवरा मिळाल्याबद्दल तिनं मनातल्या मनात आभार मानले होते.

पण कुकरच्या वाफेला भावना नसतात. जूनपर्यंत ओट्याजवळच्या चिठ्ठ्या वाचता येईनात.

आता गिरवायच्याच तर नीट गिरवाव्या, देवनागरीखाली खरं कॉर्निश स्पेलिंगही घालावं, असं रेवतीच्या मनात आलं आणि तिथेच कामाला फाटे फुटले. ती भिंतीपाशी गेली. डेन्झिल टोमॅटोंना काठ्या लावत होते.

"स्पेलिंग?" त्यांनी डावा कान खाजवला. "तुझे वडील म्हणायचे, स्पेलिंग हा वेळेचा अपव्यय आहे."

"तरीही."

"मी बोलायला शिकलो, बाळ. लिहायला नाही." पुन्हा कान. "टोमॅटो देऊ का?"

टोमॅटो घेऊन ती परत आली. सल्ला मागायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, पण सल्ल्याला ते कुणी कळवलं नव्हतं. मराठी मंडळाच्या सचिव सुरेखाताईंचा फोन आला. "अगं, लॅमिनेट कर सगळं! आणि गणपतीत आपण 'भाषांचा कोपरा' ठेवू. तू तिथे बसायचं, साडी नेसून."

"कॉर्निशसाठी साडी?"

"मग काय गाऊन घालून बसणार? मी पुण्याला चालल्येय पंधरा दिवस, आल्यावर बोलू. काही आणायचंय? अर्धा किलोच हं. मागच्या वेळी त्या शिवांगीच्या सासूनं माझ्या बॅगेत खलबत्ता घातला होता."

रेवतीला आठवलं की बाबांची नोंदवही पुण्यालाच आहे. प्रत्येक चिठ्ठीची नोंद ते एका लांबट, लाल कापडी पाठीच्या वहीत ठेवत आणि जाताना बरोबर नेत. भांडाराची वही बाहेर ठेवायची नाही हा नियम. तिच्यात कदाचित स्पेलिंग असतील. तिनं भाऊ आशिषला सांगितलं, वही सुरेखाताईंकडे पोचव.

पुढचा सल्ला नोरीनचा. नोरीन समोरच्या घरातली, चाळीस वर्षं शाळेत आयरिश शिकवून निवृत्त झालेली आणि वसाहतीच्या समितीची चिटणीस. ती चहाला आली, रेवतीच्या दहा वर्षांच्या इशितानं तिला दारावरची चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली, "दारस!", आणि नोरीनचा चेहरा फुलला. आयरिशमध्येही दाराला जवळपास तेच म्हणतात. मग इशितानं "फेनेस्टर" वाचलं आणि तो चेहरा मिटला.

"तुझे वडील मोठे सज्जन होते गं," नोरीन म्हणाली, "पण त्यांना आयरिश कुणी शिकवलं त्याला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं." आणि पर्समधून लाल पेन काढून तिनं खिडकीची चिठ्ठी दुरुस्त केली. रेवतीला ते आयरिश नाही हे सांगायला अर्धा मिनिट उशीर झाला. त्या अर्ध्या मिनिटात पेन फार पुढे गेलं होतं.

नोरीननं फार माफी मागितली. पण घरी जाताना तिची नजर बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यांवर पडली. तिथेही चिठ्ठी होती. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला होती. सामाईक बाकाला होती. मैत्री एकीकडे आणि समिती दुसरीकडे. चार दिवसांनी पत्र आलं. वसाहतीच्या सामाईक जागेत विनापरवाना फलक लावल्याचं समितीच्या निदर्शनास आलं आहे. फलक आयरिश आणि इंग्रजी या दोनच भाषांत मान्य आहेत. अन्य भाषेसाठी सोबतचा अर्ज, त्या भाषेच्या जाणकाराच्या दाखल्यासह, सादर करावा. तळाला पेनानं: 'सॉरी, रेवती. चहा फार छान होता. नो.'

"भर ना अर्ज," पियूष म्हणाला. "बाबांनी भरला असता. तीन प्रतींत भरला असता."

ते खरंच होतं. म्हणून जाणकाराच्या शोधात रेवती इंटरनेटवर बसली, कॉर्नवॉलमधल्या एका भाषावर्गाच्या बाई सापडल्या, आणि तिनं त्र्याऐंशी शब्दांची यादी, उच्चार इंग्रजीत उतरवून, त्यांना पाठवली. आपण वडिलांसाठी काहीतरी करतोय या कल्पनेनं तिला त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी गाढ झोप लागली.

बाईंचं उत्तर अतिशय सभ्य होतं. आयर्लंडमधल्या एका भारतीय गृहस्थांनी आमची भाषा शिकावी याचं आम्हांला फार अप्रूप वाटलं, त्यांनी लिहिलं होतं. पहिले एकेचाळीस शब्द उत्तम आहेत. उच्चार तर इथल्या कित्येकांहून स्वच्छ. उरलेले बेचाळीस मात्र आम्ही कधी ऐकलेले नाहीत. कोशात नाहीत. कुठल्या गावच्या बोलीतही नाहीत. ते कुठून आले हे कळू शकेल का? ताजा कलम: त्या वाकड्या चिमट्याचा शब्द आम्हां सगळ्यांना आवडला. आमच्याकडे तसा चिमटाच नाही.

रेवती यादी घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. बेचाळीस: सांडशी, 'स्किव्हेन्झो'. त्रेचाळीस: पोळपाट. चव्वेचाळीस: मिसळणाचा डबा. पुढे किसणी, झारा, कुकरची शिट्टी. मग उशी, बादली, जिना. एकोणऐंशी: कचऱ्याचा डबा, 'ग्वंडोली'. सगळं डेन्झिलनी पदरचं दिलेलं. म्हणजे तिचे वडील, ज्यांनी चौतीस वर्षांत एक नट चुकीच्या खणात जाऊ दिला नाही, ते परक्या देशात रोज इस्त्रीचा शर्ट घालून एका भिंतीपाशी उभे राहायचे, पलीकडचा माणूस तोंडाला येईल ते सांगायचा, आणि हे घरी येऊन सुतळी बांधायचे. जेवताना शब्द पाठ म्हणायचे. इशिताकडून म्हणून घ्यायचे. वडील गेल्याचं दुःख तिनं कसंबसं घडी करून ठेवलं होतं. वडिलांचं हसं झालं असेल, हे दुःख घडी घालता येण्यासारखं नव्हतं.

तिला भांडता येत नसे. तिनं मनात तीन भाषणं तयार केली, तिन्ही उत्तम होती, आणि एकही तोंडातून निघणार नाही हे तिला माहीत होतं. तेव्हा तिनं तिच्या माहितीतला सगळ्यांत कठोर उपाय योजला. डेन्झिलनी गेल्या आठवड्यात ॲपल-पाय पाठवला होता, त्याचं पांढरं भांडं ओट्यावर होतं. ते तिनं घासलं, पुसलं, आणि रिकामं परत केलं.

मराठी घरातल्या कुणालाही याचा अर्थ सांगायला नको. शेजारचं भांडं परत करताना त्यात चार लाडू, दोन वड्या, अगदीच काही नसेल तर चमचाभर साखर जाते. रिकामं भांडं म्हणजे संबंध संपले. रेवतीच्या आईनं आयुष्यात एकदाच एका घरी रिकामं भांडं पाठवलं होतं, आणि त्या घरानं पुढे बिऱ्हाड बदललं होतं. रेवतीनं भिंतीवर ते भांडं ठेवलं, ताठ उभी राहिली आणि परिणामाची वाट पाहू लागली.

"अरे वा!" डेन्झिल म्हणाले. "घासूनही दिलंस! किती करशील, बाळ!"

अपमान करायचा आणि समोरच्यानं आभार मानायचे, याहून मोठी नाचक्की नाही. रेवतीला शेवटी तोंड उघडावंच लागलं.

"बेचाळीसपासून पुढचे शब्द खोटे आहेत."

डेन्झिलच्या हातातलं भांडं तिथेच थांबलं. त्यांचा चेहरा त्यांच्या टोमॅटोंसारखा होत गेला.

"मला येत होते तेवढे संपले," ते म्हणाले. "पन्नास वर्षं झाली शिकून. मी रोज सकाळी आठवून ठेवायचो. एक दिवस काहीच आठवेना, आणि त्याच दिवशी तो ती वाकडी पक्कड घेऊन आला. मी म्हणणारच होतो, संपले. पण त्यानं पेनाचं टोपण काढलं होतं."

"त्यांना अभिमान होता त्या शब्दांचा."

"ठाऊक आहे मला." त्यांनी मान खाली घातली. "संपले म्हणालो असतो तर तो दुसऱ्या दिवशी कशाला आला असता?"

समोरच्याचं पटायला लागलं की रेवतीचा ताठा वाढत असे. ती आत आली आणि बेचाळीसपासून चिठ्ठ्या काढायला लागली. सांडशीची काढली. पोळपाटाची काढली. बाहेर जाऊन डब्याची सुतळी कापणार, एवढ्यात इशिता सायकलवरून उतरली.

"आई! व्हॉट आर यू डूइंग टू द ग्वंडोली?"

"तो खरा शब्द नाहीये, इशू. डेन्झिलआजोबांनी बनवलेला आहे."

"सो? एव्हरीवन सेज ग्वंडोली." आणि तिनं रस्त्यावरच्या पोरांकडे हात केला. पोरांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकानं तर घरून निरोप आणला होता की आमची तपकिरी ग्वंडोली तुमच्याकडे आलीये का. रेवतीनं आत जाऊन समितीचं पत्र पुन्हा वाचलं. पहिल्या वेळी रागात तिच्या नजरेतून सुटलं होतं. कलम तीनमध्ये, चाळीस वर्षं भाषा शिकवलेल्या नोरीननं, स्वच्छ टाइप केलं होतं: 'ग्वंडोलीवरील फलक सात दिवसांत काढावा.'

आणि अशा वेळी सुरेखाताई पुण्याहून उगवल्या. रेवतीच्या हातात कात्री, ओट्यावर चिठ्ठ्यांचा ढीग. पण सुरेखाताई आपल्याच तंद्रीत.

"अर्धा किलो म्हणाले होते ना मी? वही सातशे ग्रॅम भरली. तुझ्या भावानं वर मेतकूट दिलं. एअरपोर्टवर तो माणूस वास घेत होता नि मी म्हणत होते, रजिस्टर, रजिस्टर! अगं पण तुझा चेहरा का असा?"

रेवतीनं थोडक्यात सांगितलं. सुरेखाताई खुर्चीत बसल्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सल्ला दिला नाही. "बघ तर उघडून," एवढंच म्हणाल्या. "मेतकूट सांडलं नसेल ना?"

सांडलं होतं. वही झटकून रेवतीनं पहिलं पान उघडलं. बाबांचं ते सरळ, दाबून काढलेलं अक्षर. पाच रकाने: अनुक्रमांक, वस्तू, शब्द, दिनांक, शेरा. एकपासून एकेचाळीसपर्यंत शेऱ्यात एकच मजकूर: 'वाचनालयातील संगणकावर कोश पाहिला. माल बरोबर.'

रेवती थबकली. बाबा रोज दुपारी वाचनालयात जातात ते एसी नसला तरी हीटर असतो म्हणून, अशी घरात समजूत होती.

तिनं पान उलटलं.

'४२. सांडशी. कोशात नाही.'

'४३. पोळपाट. कोशात नाही. डेन्झिलराव शब्द सांगताना डावा कान खाजवतात.'

'४४. मिसळणाचा डबा. कोशात नाही. कान.'

'४५. किसणी. कान.'

आणि पुढे, शेहेचाळिसाव्या ओळीत शेरा रकान्यात मावला नव्हता, समासात उतरला होता:

'४६. झारा. कोशात नाही. पुरवठादाराकडील मूळ माल संपला आहे असे दिसते. तक्रार करू नये. तक्रार केल्यास पुरवठा बंद पडेल. गृहस्थ एकटे आहेत. मीही. स्वीकृत.'

त्याच्या खाली त्र्याऐंशीपर्यंत, एखाददुसरा जादा शेरा सोडला तर, प्रत्येक ओळीत तेच दोन शब्द. कान, स्वीकृत. कान, स्वीकृत. कान, स्वीकृत. शेवटी सही, तारीख, आणि सहीखाली सवयीनं मारलेली दुहेरी रेघ.

सुरेखाताई तिच्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी पदर नसलेल्या जाकिटाच्या बाहीनं डोळे पुसले. "गाढव आहोत हो आपण सगळे," त्या म्हणाल्या, आणि कुणाला म्हणाल्या ते विचारायची गरज नव्हती. मग उठून त्यांनी आपण होऊन सांडशीची चिठ्ठी पुन्हा बांधली. गाठ चुकीची होती, पण रेवतीनं ती तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी रेवतीनं शिरा केला, तूप जरा सढळ, वर बेदाणे. पण भरायचा कशात? डेन्झिलचं भांडं तर परत गेलेलं. ती अकराला भिंतीपाशी गेली तेव्हा डेन्झिल नव्हते. दार वाजवल्यावर आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. बहुधा माफी मागायला निघाले होते आणि बूट शोधत होते.

"ते पांढरं भांडं द्या," ती म्हणाली.

त्यांनी काही न विचारता आणून दिलं. तिनं घरी नेऊन ते काठोकाठ भरलं आणि परत नेलं, वही काखेत मारून. भिंतीवर वही उघडून तिनं त्यांना शेरे इंग्रजीत सांगितले, एकेक करून. 'गृहस्थ एकटे आहेत' पर्यंत तिचा आवाज ठीक होता. त्यापुढचा शब्द तिनं वाचला नाही, बोट ठेवून दाखवला. डेन्झिलना देवनागरी येत नव्हती, तरी त्यांनी त्या शब्दावरून सावकाश बोट फिरवलं.

"लबाड माणूस," ते म्हणाले. "पन्नासाव्या शब्दाला मला म्हणाला होता, आपली भाषा फारच समृद्ध आहे. मी कानापर्यंत लाल झालो."

"तेही लिहिलंय."

मग ते हसायला लागले, आणि तीही. दिवाळीनंतर ती अशी पहिल्यांदाच हसत होती, आणि ज्यांच्यामुळे हसत होती त्या बाबांचं नाव तिनं तेव्हा मोठ्यानं घेतलं. डेन्झिलनी बोटानं शिरा खाऊन पाहिला.

"भांड्याचं काय प्रकरण आहे?" त्यांनी विचारलं. "काल रिकामं दिलंस, आज भरून."

तिनं समजावून सांगितलं. काल आपण त्यांचा किती घोर अपमान केला होता, आईनं पाठवलेलं ते एक भांडं, बदललेलं बिऱ्हाड, सगळं.

"आणि मी तुझे आभार मानले!"

"हो. फार लागलं मला ते."

डेन्झिल गंभीर झाले. त्यांनी भांडं उचललं, सगळीकडून पाहिलं. "म्हणजे भरून परत येणाऱ्या भांड्याला तुमच्याकडे वेगळा शब्द असेल."

रेवतीनं आठवून पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे नाहीये."

"आमच्याकडे आहे," डेन्झिल म्हणाले. "पेंडोविक."

आणि त्यांचा हात सावकाश डाव्या कानाकडे गेला.

रेवतीनं पेनाचं टोपण काढलं. वहीत दुहेरी रेघेखाली जागा होती. चौऱ्याऐंशी, तिनं लिहिलं. वस्तू, शब्द, दिनांक. शेऱ्याच्या रकान्यात बाबांच्या वळणाचं अक्षर काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून आपल्याच अक्षरात लिहिलं: 'कान. स्वीकृत.'